आमच्या सभागृहाचा हेतू

नगरपालिकेने आम्हाला दोन प्रश्न विचारले होते. आपल्या सभागृहाचा इतिहास काय, हा पहिला आणि आपल्या सभागृहाचा हेतू काय, हा दुसरा. उत्तर समाधानकारक नसल्यास इमारत ताब्यात घेऊन तिचं गोदाम करण्यात येईल, असं खाली लिहिलं होतं. गोदामात काय ठेवणार तेही लिहिलं होतं : पाण्याचे फुटके पाइप, बंद पडलेले रस्त्यावरचे दिवे आणि कचऱ्याचे जुने डबे. इतर कुठल्याही बाबतीत आमची नगरपालिका इतकी नेमकी कधी नसते.

हे पत्र माझ्या गळ्यात पडलं, कारण मी निवृत्त आहे. निवृत्त माणसाला भरपूर वेळ असतो अशी एक समजूत आहे आणि ती गावभर पसरवण्यात माझ्या बायकोचा मोठा वाटा आहे. शिवाय मी जन्मभर विमा कचेरीत कारकुनी केली. "उत्तर तुम्हीच लिहा, भाऊसाहेब," सभागृहासमोर दुकान असलेले शिंपीकाका म्हणाले. "तुमची भाषा अशी आहे की वाचणारा कंटाळून सही करतो." मी हे कौतुक समजून पत्र खिशात घातलं. ते कौतुक नव्हतं हे माझ्या लक्षात घरी पोचल्यावर आलं, पण तोवर पत्र माझ्या खिशात होतं.

अडचण अशी होती की सभागृहाचा हेतू आम्हाला चांगला ठाऊक होता आणि तो लिहिण्यासारखा नव्हता. घरी भांडण झालं की आम्ही तिथे जाऊन बसत असू. बाकी तिथे काहीही होत नव्हतं. एक मोठी खोली, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या, पडदा नसलेलं एक व्यासपीठ आणि दाराशी रखवालदाराचं स्टूल. आलेल्या माणसाने खुर्ची उघडायची, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि डोकं ताळ्यावर आलं की खुर्चीची घडी घालून घरी जायचं. कोणी कोणाला काय झालं म्हणून विचारायचं नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे तो पाळत. बाहेरच्या लोकांना वाटे की आत काहीतरी सांस्कृतिक चालतं. मीसुद्धा घरातून निघताना "मंडळाची बैठक आहे" असं सांगून निघत असे. मंडळ कसलं, हे बायकोने कधी विचारलं नाही आणि मीही तो विषय वाढवला नाही.

मला ते सभागृह हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. आमचं घर दोन खोल्यांचं आहे. एका खोलीत कपाळाला आठी पडली तर दुसऱ्या खोलीत कळतं. नोकरी होती तेव्हा भांडण अर्धवट टाकून कचेरी गाठता यायची आणि संध्याकाळपर्यंत दोघंही मुद्दा विसरलेले असायचो. निवृत्तीनंतर भांडणं पूर्ण करावी लागतात. पूर्ण झालेल्या भांडणाची मला फार भीती वाटते, कारण त्याच्या शेवटी माणूस काहीतरी असं बोलतो की ते परत घेता येत नाही. आजवर आमच्यावर ती वेळ आली नाही, ती केवळ त्या पत्र्याच्या खुर्च्यांमुळे. तिथे फुटके पाइप आले तर आमच्या संसाराचं काय होईल, या विचाराने माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी आधी इतिहास लिहायला घेतला. इतिहासाला निदान कोणी लाजत नाही, असा माझा अंदाज होता. शिंपीकाका म्हणाले, ती मुळात धान्याची वखार होती आणि त्यांच्या आजोबांनी ती गावाला दिली. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे हेडबाई म्हणतात, त्या म्हणाल्या की वखार वगैरे साफ खोटं आहे, कोणी मोठे पाहुणे येणार होते म्हणून गावाने ती घाईघाईने बांधली आणि पाहुणे आलेच नाहीत. सरकारी दवाखान्यातले कंपाउंडर म्हणाले की ते साथीच्या रोग्यांना ठेवायचं ठिकाण होतं आणि म्हणूनच खिडक्या इतक्या उंचावर आहेत. तिघांनाही मी एकाच वेळी बोलावलं, ही माझी चूक. "तुमच्या आजोबांकडे द्यायला वखार होती तर तुम्ही माझ्या ब्लाउजचं कापड का मारता?" असं हेडबाई म्हणाल्या आणि इतिहास तिथेच संपला. भांडण सभागृहातच झाल्यामुळे कोणाला कुठे जावं लागलं नाही. तिघांनी खुर्च्या उघडल्या आणि तीन भिंतींकडे तोंडं केली. चौथी भिंत मोकळी होती, तिकडे मी बसलो.

मग मी नगरपालिकेत गेलो. तिथे असतील जुने कागद, असं मला वाटलं. संबंधित कारकुनाने बराच वेळ शोधून सांगितलं की सभागृह या सदरात आमची इमारतच नाही.

"मग कुठे आहे?"

"इतर."

"इतर म्हणजे काय?"

"इतर म्हणजे ज्याचा हेतू माहीत नाही ते. म्हणून तर विचारलंय ना तुम्हाला." तो माझ्याकडे दयेने बघत म्हणाला, "काका, असं करा. तपासणीला आमच्या बाई येतील. तेव्हा आत काहीतरी चालू दिसू द्या. गाणं, शिवण, व्यायाम. चालू दिसलं की बाई हेतू लिहितात."

मी स्वतः बत्तीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसलो होतो. या बाजूला उभं राहिल्यावर आपण किती मूर्ख दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. पण सल्ला सोन्यासारखा होता.

मी कामं वाटून दिली. शिंपीकाका भरतकाम शिकवणार. कंपाउंडर व्यायाम घेणार. हेडबाई व्याख्यान देणार; विषय त्यांनीच निवडला, शांततेचं महत्त्व. राहता राहिले सायलेन्सर. हे निवृत्त बस ड्रायव्हर. घरी सून आणि मुलगा एकदम बोलायला लागले की ते येऊन बसत आणि तोंडातून ब्र काढत नसत, म्हणून हे नाव. त्यांना मी गायन दिलं, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची हे विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.

हे सगळं बायकोच्या कानावर जाणारच होतं. "तुमच्या मंडळाची तपासणी आहे म्हणे," ती म्हणाली. "मी येते. बाईंना चहा कोण देणार?"

"तू कशाला त्रास घेतेस?"

"का? मी आले तर तुमच्या मंडळाला काही होतं का?"

मंडळाला काही होणार नव्हतं, कारण मंडळ नव्हतंच. जे व्हायचं ते मला होणार होतं.

तपासनीस बाई ठरलेल्या वेळेच्या आधी आल्या. सरकारी माणूस वेळेआधी येतो तेव्हा त्याला काहीतरी नक्की सापडतं. मी धावत आत गेलो तर चौघंही सवयीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी टाळी वाजवली. शिंपीकाका दचकून उठले आणि कापड घरी राहिल्यामुळे त्यांनी माझा रुमाल घेऊन त्यावर टाके घालायला सुरुवात केली. हेडबाई व्यासपीठावर चढल्या आणि शांततेचं महत्त्व इतक्या जोरात सांगू लागल्या की रस्त्यावरची माणसं थांबली. कंपाउंडर पायाचे अंगठे धरायला खाली वाकले, आणि मग ते वाकलेलेच राहिले.

"यांचा हा कुठला प्रकार?" बाईंनी विचारलं.

"प्रगत आहे," मी म्हणालो. "यात बराच वेळ थांबावं लागतं."

"भाऊसाहेब," कंपाउंडर खालून दबक्या आवाजात म्हणाले, "मला वर घ्या."

बाई सायलेन्सरांकडे वळल्या. "आणि आपण?"

"गायन," मी म्हणालो.

"ऐकू या."

सायलेन्सरांनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात कोणी माझ्याकडे इतक्या रागाने पाहिलं नव्हतं, आणि मी विवाहित आहे. मग त्यांनी डोळे मिटले आणि भारदस्त आवाजात सुरुवात केली, "डेपो... जुना पूल... दवाखाना... कन्याशाळा..." त्यांनी नोकरीभर चालवलेल्या मार्गावरचे सगळे थांबे ते चालीत म्हणत होते. शेवटच्या थांब्यावर पोचून ते त्याच मार्गाने परत यायला लागले तेव्हा बाईंनी हात वर केला. सायलेन्सर लगेच थांबले. सवयच तशी.

तेवढ्यात माझी बायको थर्मास घेऊन आली. मी काही बोलायच्या आत रखवालदार स्टुलावरून उठला आणि तोंडभर हसून म्हणाला, "या वहिनी! आज दुपारच्या? सकाळी नाही दिसलात तेव्हाच म्हटलं, आज घरी बरं चाललेलं दिसतंय. तुमची खिडकीजवळची खुर्ची काढू का?"

हेडबाईंचं व्याख्यान थांबलं. शिंपीकाकांची सुई थांबली. मी बायकोकडे पाहिलं. ती थर्मासच्या झाकणाकडे पाहत होती. रोज सकाळी ती भाजी आणायला म्हणून जात असे. भाजी आणायला इतका वेळ का लागतो, असं मी कधी विचारलं की ती म्हणे, निवडून घ्यावी लागते.

"आपण इथे नेहमी येता?" तपासनीस बाईंनी तिला विचारलं. त्यांचा आवाज एकदम बदलला होता. खऱ्या माणसाची चाहूल लागल्यासारखा तो आवाज होता. "कशासाठी येता?"

त्या खोलीत हा प्रश्न कोणी कोणाला कधी विचारला नव्हता. व्यायामासाठी म्हण, मी मनात म्हणत होतो, शिवणासाठी म्हण, अगं काहीही म्हण.

"यांच्यावर रुसून येते," बायको म्हणाली.

"कोणावर?"

"हे काय, हे उभे आहेत."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. माझ्या बायकोला घरातून पळून जायची गरज पडते हे गावासमोर जाहीर झालं होतं. पण त्याहून मनाला लागलं ते वेगळंच. मी सहन करतो आणि ती बोलते, असा माझा इतकी वर्षं समज होता. आपणही कोणाला सहन होत नाही हे मला माहीतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं. रागही आला, आणि नेहमीप्रमाणे मला सभागृहात जाऊन बसावंसं वाटलं, पण मी तिथेच होतो.

मग वाकलेल्या अवस्थेतूनच कंपाउंडर म्हणाले, "मी मुलावर रुसून येतो." हेडबाई म्हणाल्या, "धाकट्या बहिणीवर. रेडिओवरून." सायलेन्सर म्हणाले, "दोघांवर." शिंपीकाकांनी माझा रुमाल बाजूला ठेवला आणि सांगितलं की त्यांच्या घरी कोणी बोलतच नाही, म्हणून ते रुसतात. शेवटी बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं बायकोकडे बोट केलं.

तपासनीस बाईंनी बराच वेळ कागद चाळले. "आमच्याकडे रुसवा हे सदर नाही," त्या म्हणाल्या. "सांस्कृतिक, शैक्षणिक, क्रीडा आणि आरोग्य एवढीच आहेत." त्यांनी कंपाउंडरांकडे पाहिलं आणि आरोग्य लिहिलं. आम्ही आनंदाने एकमेकांचे हात धरले. पण सरकारी आनंदाला नेहमी अट असते. सभागृहाचा इतिहास आणि हेतू ठळक अक्षरांत लिहून दर्शनी भागी फलक लावायचा. महिन्याने त्या पुन्हा येणार. त्या दिवशी जाहीर हेतूसाठी जाहीरपणे आलेली माणसं दिसली पाहिजेत, नाहीतर गोदाम.

फलक लागला. स्थापना : याबाबत मतभेद आहेत. हेतू : घरी भांडण झालेल्यांना शांतपणे बसण्याची सोय. प्रवेश मोफत. मजकूर माझाच होता आणि भाषेत एकही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून तिथे कोणी फिरकेना.

कोण फिरकणार? पूर्वी दारातून आत गेलेला माणूस सांस्कृतिक कार्यासाठी गेला असं रस्ता समजत असे. आता उंबऱ्यावर पाय ठेवला की गावाला कळणार, याच्या घरी आज वाजलं. समोर चार दुकानं, शेजारी बसचा थांबा. हेडबाई रोज दारापर्यंत येत, फलक वाचत आणि काही आठवल्यासारखं करून परत जात. सायलेन्सर पलीकडच्या पदपथावरून मान खाली घालून जात. माझी बायको आता भाजी घेऊन लगेच घरी यायला लागली आणि मी दिवसभर घरात. आमची दोन भांडणं त्या महिन्यात जवळजवळ पूर्ण झाली. जवळजवळ म्हणतो, कारण दोन्ही वेळा दारावर कोणीतरी आलं. दर वेळी कोणी येईलच असं नाही, हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि म्हणून आम्ही एकमेकांशी फार जपून, फार गोड बोलत होतो. तसं बोलणं भांडणापेक्षा वाईट.

महिना भरला त्या दिवशी नगरपालिकेचा ट्रक सभागृहाच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्यात फुटके पाइप होते. मागोमाग तपासनीस बाई आल्या आणि रखवालदाराच्या स्टुलावर बसल्या. रखवालदार उभा राहिला. बाईंनी सांगितलं की त्या दुपारपर्यंत थांबतील.

आम्ही सगळे शिंपीकाकांच्या दुकानात, कापडांच्या आडून बघत होतो.

"कोणीतरी जा ना आत," कंपाउंडर म्हणाले.

"तुम्ही जा."

"मी गेलो तर माझा मुलगा म्हणेल, बाबांनी माझी अब्रू काढली. मग खरंच भांडण होईल."

"मग तर जायलाच हवं," हेडबाई म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. ट्रकवाल्याने मागची फळी खाली पाडली. मी तडक घरी धावलो.

"चल," मी बायकोला म्हणालो. "आपण दोघं जाऊन बसू. भांडण झालंय असं दाखवू."

ती कणीक तिंबत होती. हात तसेच ठेवून तिने वर पाहिलं. "दाखवू म्हणजे?"

"म्हणजे खोटं खोटं. मी चिडल्यासारखा पुढे जातो, तू मागून ये."

"मी नाही खोटं भांडणार."

"अगं, ट्रक आलाय! सभागृह जाईल!"

"जाऊ दे. जन्मभर बैठक आहे म्हणून सांगितलंत. आताही तेच. तुम्हाला रागसुद्धा खरा करता येत नाही का हो? चार लोक बघतील म्हणून भीती वाटते?"

"भीती? मला? आणि तू काय केलंस गं? भाजी निवडत होतीस इतकी वर्षं! त्या दिवशी सगळ्यांसमोर माझं नाक कापलंस, ते कमी होतं?"

"मी खरं बोलले ते नाक कापणं?"

"कोणी विचारलं होतं तुला खरं?"

"त्यांनी विचारलं. तुम्ही कधी विचारलंत?"

याच्यापुढे जे होतं ते माझ्या जिभेवर आलेलं होतं. तिच्याही जिभेवर असावं. आणि त्या दिवशी दारावर कोणी आलं नाही.

तिने हात धुतले. पायात चप्पल घातली आणि निघून गेली.

मी तिच्या मागे निघालो. ती रस्त्याच्या मधोमध, ताठ मानेने चालली होती. बसच्या थांब्यावरची माणसं तिच्याकडे वळून बघत होती. ती फलकाखाली पोचली, तपासनीस बाईंनी काही विचारलं, तिने काही सांगितलं आणि ती आत गेली. सगळ्या गावासमोर, भर दुपारी. माझा राग कमी झाला नव्हता, पण मला तिचा अभिमान वाटला. या दोन गोष्टी एकदम वाटू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी फाटकाशी गेलो.

"आपण कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"भांडण झालंय." माझा आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला. समोरच्या चारही दुकानांना तो ऐकू गेला.

"कोणाशी?"

"आत्ता आत गेल्या त्या."

"खरं?"

"बाई, इतकं खरं आमचं कधीच झालं नव्हतं."

मी आत गेलो. मागे पावलं वाजली. हेडबाई होत्या. मग सायलेन्सर, मग कंपाउंडर, मग शिंपीकाका गळ्यात टेप तशीच ठेवून. आणि मग ज्यांना मी तिथे कधी पाहिलं नव्हतं अशी बसच्या थांब्यावरची काही माणसं, बायकासुद्धा. खुर्च्या उघडल्याचे आवाज येत राहिले. त्या आवाजातच बाहेर ट्रक सुरू झाला आणि पाइप खडखडत दूर गेले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे रागात होते.

बायको खिडकीजवळ भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी दाराशी उभा होतो तोवर बाकीच्या भिंती भरल्या, त्यामुळे मला तिच्याच शेजारी खुर्ची उघडावी लागली. आम्ही बराच वेळ त्या भिंतीकडे बघत बसलो. खोलीत आता इतकी गर्दी होती की कोणाचा तरी श्वास सतत ऐकू येत होता. हेडबाई खोकत होत्या. सायलेन्सरांनी पाय हलवला की फरशी वाजत होती.

"अहो," बायको भिंतीकडे बघतच हळूच म्हणाली, "तुम्ही इथे. मी इथे. मग घरी कोण आहे?"

"कोणीच नाही."

ती माझ्याकडे वळली.

"म्हणजे तिथे अगदी शांत असेल."

आम्ही खुर्च्यांच्या घड्या घातल्या आणि घरी गेलो.